अनुभव धागा: दुर्बीण आत गेली तेव्हा (पोट, आतडं आणि डोक्यातल्या गाठी)

माझं औषधांचं दुकान आहे, पांढरकवड्याकडे, हायवेपासून जरा आत. गल्ल्यावर बसून एक गोष्ट नेहमी दिसते. ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी न्यायला तोच माणूस महिनोन्‌महिने येतो, त्याचा पँटचा पट्टा एकेक भोक आत सरकत जातो, पण ‘भाऊ, एकदा दुर्बीण करून घ्या’ म्हटलं की हसून विषय बदलतो. मूळव्याधीच्या मलमाचंही तसंच. कापूस वेचायचा आहे, तूर सोंगायची आहे, पोरीचं लग्न काढलं आहे. खरी अडचण असते दुर्बिणीच्या नळीची भीती. शिवाय ‘गाठीला हात लावला की पसरते’ हे पारावरचं ज्ञान सोबत असतंच.

डॉक्टरांचे लेख पुष्कळ आहेत. ज्यांच्या अंगावरून किंवा घरावरून हे गेलं, त्यांनी इथे लिहावं. अन्ननलिका, जठर, आतडं, पित्ताची नळी, काहीही चालेल. आमच्या गावातल्या एका पोराचं डोक्यातलं ऑपरेशन नाकातून दुर्बीण घालून झालं, म्हणून मेंदूवाल्यांनाही आमंत्रण. तक्रार असेल तर दवाखान्याचं नाव नको.

दारव्ह्याकडून

बाबूजीचं सांगतो. वय 58, खर्रा (तंबाखू-सुपारी) विशीपासून. पहिले भाकर अडकायला लागली. मंग पोळी. प्रत्येक घासामागं पाण्याचा घोट. मायले वाटे भाकर जाड होते, म्हणून थे आणखी पातळ थापे. तालुक्याले एकानं घशाचं इन्फेक्शन म्हणून दवाई देल्ली. दिवाळीपर्यंत वरणात चुरलेली पोळीही वापस येऊ लागली, तवा यवतमाळले नेलं.

बाबूजी माझा हात सोडत नव्हते म्हणून मले आत उभं राहू देल्लं. घशात कडू फवारा मारला, जीभ सुन्न. दातात प्लास्टिकचं रिंगण, नळी चावू नये म्हणून. डाव्या कुशीवर निजवलं. सिस्टर म्हणे, लाळ गिळू नका, वाहू द्या, नाकानं श्वास घ्या. दोन-तीनदा मोठी उबळ आली, मंग शांत. टीव्हीवर गुलाबी रस्ता दिसत होता अन् खाली एका जागी मांस वाढून थो बुजलेला, नळी टेकली की रक्त. नळीतूनच बारीक चिमटा घालून तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढले. दहा मिनिटांत बाहेर.

गावात लय भेव घातलं, तुकडा काढला, आता पसरंन. मी डॉक्टरले सरळ विचारलं. थे म्हणाले, पसरायचं असलं तर गाठ तुकड्यासाठी थांबत नाही, अन् तुकड्याशिवाय इलाज कोणता करायचा थे ठरत नाही. रिपोर्ट आला, स्क्वॅमस कॅन्सर. सीटीत गाठ श्वासनळीले चिपकलेली, ऑपरेशन होत नव्हतं. नागपूरले तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात शेक (रेडिएशन) घेतला. काही महिन्यांनी पुन्हा बुजलं, तवा दुर्बिणीतून जाळीचा स्टेंट टाकला. थो मिटलेला आत जाते अन् जागेवर आपोआप उघडते. दोन दिवस छाती दुखली. मंग आंबील, दाळीचं पाणी, बारीक केलेला भात. पोळीचा मोठा तुकडा अन् मटण बंद, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायाखाली विटा.

बिमारी बरी नाही झाली. होळी करून गेले. पण शेवटपर्यंत पाण्याच्या घोटासाठी तडफडले नाहीत, थे त्या जाळीमुळं.

मोर्शी

माझी जठराची दुर्बीण झाली. निघाले फक्त जंतू, एच. पायलोरी. 14 दिवस गोळ्या. भुलीचं इंजेक्शन घेतलं नाही, घशात फवाराच मारला, म्हणून एकटीच एसटीने घरी आले. दाताच्या डॉक्टरकडे याहून जास्त त्रास होतो, खोटं सांगत नाही.

वरुडची मास्तरीण

मूळव्याध हा विदर्भातला सगळ्यात सोयीचा आजार आहे. संडासला रक्त दिसलं की घरचे, शेजारचे, मेडिकलवाले सगळे एकाच आवाजात मूळव्याध म्हणतात आणि तपासायला कोणाला लागत नाही. मला आधी चूर्ण मिळालं, मग मलम, मग एका ‘स्पेशालिस्ट’ची जाहिरात. शेवटी नागपूरला एका सर्जनने आधी बोट घालून तपासलं, आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून मोठ्या आतड्यात दुर्बीण, लिहून दिली. रक्त मळात कालवलेलं येत होतं, वरून थेंबथेंब पडत नव्हतं, एवढ्या एका माहितीवरून त्यांना शंका आली.

कोलोनोस्कोपीत दुर्बीण सोपी, तयारी अवघड. दोन दिवस आधीपासून पालेभाज्या, बिया, सालं बंद. संत्र्याच्या गावात राहून संत्रं बंद! मग 2 लिटर पाण्यात पावडर कालवून ती घोटघोट संपवायची. त्यानंतर माणूस संडासापासून दहा पावलांच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून सांगते, ती पावडर गावी पिऊन वरुड-नागपूर गाडीत बसायचा विचारही करू नका. मी आदल्या दिवशीच नणंदेकडे मुक्कामाला गेले. तिथे कोणी नसेल तर दवाखान्याजवळ धर्मशाळा किंवा लॉज बघा, खोलीला लागून संडास आहे का ते आधी विचारा. शेवटी फक्त पिवळसर स्वच्छ पाणी आलं पाहिजे. आतड्यात मळ राहिला तर छोटा पॉलिप (अस्तरावर वाढलेली गाठ) त्याखाली लपतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

माझ्या डाव्या बाजूच्या आतड्यात देठावर लोंबणारा पॉलिप होता. मी अर्धवट गुंगीत पडद्यावर पाहत होते. डॉक्टरांनी नळीतून तारेचा फास काढला, तो पॉलिपवरून देठावर सरकवला, आवळला, करंट दिला. देठ पांढरा पडला आणि पॉलिप गळून पडला. काही दुखलं नाही, आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं कळत नाही म्हणे. ज्यांचा पॉलिप चपटा, अस्तराला चिकटलेला असतो, त्यांच्या खाली सलाईनचं इंजेक्शन देऊन तो उचलतात आणि मग कापतात. मोठ्या चपट्या गाठी अखंड सोलून काढायची पद्धत जपानमधून आली. ती वेळखाऊ आहे आणि आतड्याला भोक पडायचा धोकाही जास्त, त्यामुळे सगळीकडे होत नाही.

रिपोर्टमध्ये अडेनोमा, काही पेशी कॅन्सरच्या उंबरठ्यावर, पण देठाची कड स्वच्छ. म्हणजे पोट न उघडता इलाज संपला. असा पॉलिप कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं घेतो. माझी पुढची दुर्बीण 3 वर्षांनी. दोन्ही भावांना चाळिशीनंतर तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं, त्यातला एक अजून ‘पाहू’ म्हणतो.

हिंगणघाट

ताई, खर्चाचं कोणी लिहिलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना (2017 च्या आधी राजीव गांधी जीवनदायी) पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवर चालतेच, पण वर्धा जिल्हा आणि अमरावती विभागातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती सातबाऱ्यावर मिळाली, हे अर्ध्या कास्तकारांना माहीत नव्हतं. बाहेर खाजगीत आधीच केलेल्या तपासण्यांचे पैसे मात्र आपल्याच खिशातून जातात. म्हणून पहिले दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा, मग तपासणी. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला इलाजासाठी जाताना स्लीपरमध्ये पूर्ण सूट आहे, सोबतच्याला 75 टक्के. डॉक्टरांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

सिंदेवाही

आमच्या आत्याबाईंना म्हणजे सासूबाईंना कावीळ झाली. ना ताप, ना पोटदुखी, नुसते डोळे हळदीचे. आमच्याकडे काविळीला दवाखाना नसतोच, माळ असते. गळ्यात घातलेली माळ लांब होत होत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. माळ बेंबीपर्यंत आली. कावीळ वाढली. खाज इतकी की रात्री कंगव्याने पाठ खाजवत बसायच्या, आणि संडास पांढुरका, चुन्याच्या पाण्यासारखा. हे पांढरं आणि खाज ऐकल्याबरोबर ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पित्ताची नळी फुगलेली. ते म्हणाले, ही गोळ्यांची कावीळ नाही, रस्ता अडल्याची आहे.

नागपूरला ईआरसीपी झाली. तोंडातूनच दुर्बीण, पण ती जठराच्या पुढे जाऊन पित्ताची नळी आतड्यात उघडते तिथे पोहोचते. एक्स-रेवर पाहत प्लास्टिकचा स्टेंट घातला. तिथेच नळीच्या तोंडाशी गाठ होती, तिचा तुकडा घेतला. आठवड्यात खाज थांबली आणि घरचे म्हणाले, बऱ्या झाल्या, आता कशाला ऑपरेशन! त्यात धान कापणी. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बुजतो, आणि तो बुजलाच. हुडहुडी भरून ताप आला. ज्यांच्या घरी स्टेंटचा पेशंट आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: थंडी वाजून ताप आला तर मलेरिया समजून गावात थांबायचं नाही, त्याच दिवशी गाडी काढायची. स्टेंट बदलला, मग मोठं ऑपरेशन झालं, व्हिपल म्हणतात ते. गाठ नळीच्या तोंडाची होती म्हणून जमलं. आता शेळ्या राखतात.

समुद्रपूर

लहान भावाचं. आधी चप्पल 8 नंबरची होती, ती 10 वर गेली, अंगठी कापून काढावी लागली, जबडा पुढे आला. सगळे म्हणत, पोट्टा भरला. मग डवरताना त्याला बाजूचा बैल दिसेना. सरळ पाहिलं तर चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचायचा, पण दोन्ही कडांचं गायब. डोळ्याच्या डॉक्टरांनी नजरेच्या कडा तपासायची चाचणी केली आणि म्हणाले, डोळ्यात दोष नाही, मागून नसांवर काहीतरी दाबतंय. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीची गाठ.

कवटी उघडतील म्हणून माय रडून रडून अर्धी झाली. पण ऑपरेशन नाकातून. नाक-कान-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून वाट करून देतात आणि न्यूरोसर्जन पुढे हाड फोडून गाठ काढतात. भोक बुजवायला मांडीतली चरबी. बाहेरून मांडीवर तेवढा टाका. नंतरचे नियम कडक: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, संडासला जोर नाही, वाकायचं नाही. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही आलं तर ताबडतोब सांगायचं, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. पहिल्या रात्री त्याला एवढी तहान आणि एवढी लघवी, की माय मापाच्या भांड्यात मोजून कागदावर लिहीत बसली. सिस्टर दर तासाला तो कागद वाचायची. पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनचा घोळ असतो तो, औषधाने आवरला.

नजर बरीच परत आली. हाडं वाढली ती वाढली, पण बोटांची सूज उतरली. सगळ्याच अशा गाठींना ऑपरेशन लागत नाही. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुतेक वेळा गोळ्यांनीच लहान होते. म्हणून आधी रक्तातले हार्मोन तपासतात.

धानोरा, गडचिरोली

पुतण्याला झटके आले, सीटीत डोक्यात गाठ, घरात रडारड. ती गाठ पट्टकृमीच्या अळीची निघाली. झटक्यांच्या गोळ्या, कृमीचं औषध, सूज उतरवायला थोडे दिवस स्टेरॉइड. ऑपरेशन नाही. आमच्या घरात डुकराचं मांस कोणीच खात नाही, तरी झालं, कारण कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत आणि तिथून न धुतलेल्या भाजीत येतात.

अचलपूर

काकाजींचा तोल जायचा. सकाळी ओकारी, चालताना भिंत धरायची. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याला पारावर बसलेल्यांनी बेवडा ठरवलं. स्कॅनमध्ये लहान मेंदूत गाठ आणि पाणी तुंबलेलं. न्यूरोसर्जनने कवटी उघडून ती काढली, चालणं सुधारलं. आठवड्याने रिपोर्ट आला: ही मेंदूची गाठच नाही, आतड्याच्या पेशी आहेत. मग कोलोनोस्कोपी. घरातल्या मोठ्यांना ते पटेनाच, बिमारी डोक्यात आणि दुर्बीण खालून? उजव्या बाजूच्या आतड्यात मूळ गाठ सापडली. उजवीकडची गाठ बरेच दिवस रस्ता अडवत नाही, नुसतं रक्त झिरपत राहतं. डोक्याच्या आधी वर्षभर काकाजींचं रक्त कमी होतंच. त्याला टॉनिक चालू होतं. केमो घेतली, पण वर्ष काढलं नाही.

एंडोस्कोपी विभागातली सिस्टर

नाव-गाव लिहीत नाही. उपाशी या म्हटलं तर लोक चहा पिऊन येतात, ‘चहाने काय होते जी?’ पोटात दूध असेल तर ते श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून परत पाठवतो, तर भांडतात. कवळी काढून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंदही करू नका. भुलीचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी मोटारसायकल नाही. आणि खर्रा खिशात ठेवून येऊ नका, आम्हाला वास येतो.

राळेगाव

वडील 62 वर्षांचे. हिमोग्लोबिन 7. रक्त चढवलं की वाढतं, पुन्हा उतरतं. पोट दुखत नाही, संडासला काही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी करा. वडील म्हणतात, काही दुखत नाही तर कशाला? सोयाबीन निघाल्यावर नेऊ का?

वरुडची मास्तरीण

सोयाबीनसाठी थांबू नका. वरच्या अचलपूरच्या काकाजींचं परत वाचा आणि वडिलांनाही वाचून दाखवा. दोन्ही दुर्बिणी एकाच दिवशी होतात, तेव्हा एकदाच तयारी. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी बंद करायच्या का ते विचारून घ्या, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रेशनकार्ड आणि आधार मूळ न्या, नुसती झेरॉक्स नको. पावडरचं पाणी मटक्यात गार करून द्या, कोमट असलं तर दुसऱ्या ग्लासालाच ओकारी येते.