नर माशाच्या रक्तात बलकाचे प्रथिन : पाणी तपासायला मासाच का?

प्रश्न
नमस्कार. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायने पाण्यात आहेत का, हे पाहण्यासाठी मासे वापरतात, असे विद्यार्थ्यांच्या वाचनात आले. लिटरमागे नॅनोग्रॅमपर्यंत मोजणारी यंत्रे असताना माशाची गरज का भासावी?

प्रतिसाद १
कारण यंत्राला काय शोधायचे ते आधी सांगावे लागते, माशाला नाही. ब्रिटनमधल्या नद्यांत रोच जातीच्या नर माशांच्या वृषणात अंडी सापडू लागली, तेव्हा दोषी रसायन कोणते हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून ठेवले आणि काही आठवड्यांनी त्यांचे रक्त तपासले. व्हिटेलोजेनिन हे अंड्यातल्या बलकाचे प्रथिन मादीचे यकृत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या इशाऱ्यावर तयार करते. त्याचा जनुक नरातही असतो, पण इशाऱ्याअभावी निपचित पडून राहतो. पिंजऱ्यातल्या नरांच्या रक्तात ते प्रथिन भरपूर निघाले. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रतिसाद २
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड. इस्ट्रोजेनसारखे काहीतरी आहे एवढेच मासा सांगतो. नाव सांगत नाही. त्यासाठी यंत्राकडेच जावे लागले, आणि १९९८ मध्ये त्या पाण्याचे घटक वेगळे करत गेल्यावर माणसांच्या मूत्रातून येणारी नैसर्गिक संप्रेरके व गर्भनिरोधक गोळीतले एथिनिलएस्ट्राडिओल हेच मुख्य कारण निघाले. आता तर पूर्ण वाढलेला मासाही लागत नाही. भारतातल्या ओढ्यानाल्यांत मूळचा असलेल्या झेब्रा माशाच्या गर्भात जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक, इस्ट्रोजेन मिळताच सुरू होईल अशा रीतीने, बसवतात. नुकतीच फलित झालेली अंडी नमुन्याच्या पाण्यात चार दिवस ठेवली, की पाण्यात इस्ट्रोजेन असल्यास काचेसारख्या पारदर्शक पिल्लाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजळतो. ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ही चाचणी मार्गदर्शक पद्धती म्हणून स्वीकारली.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पण रक्तात एक प्रथिन वाढले म्हणून माशांचे खरोखर नुकसान होते का?

प्रतिसाद १
होते. कॅनडातील ओंटारिओमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेल्या एका तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम एथिनिलएस्ट्राडिओल राहील अशी मात्रा सोडली. फॅटहेड मिनो या लहान माशाच्या नरांत आधी व्हिटेलोजेनिन वाढले, मग वृषणांची वाढ खुंटली, आणि नवी पिल्लेच न आल्याने ती जात तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. मात्रा थांबवल्यावर काही वर्षांनी ते मासे पुन्हा वाढले.