कार्यालयाच्या वेबसाइटला सनईवाला इंट्रो: हवा की नको?

कृष्णाकाठ
सांगली-मिरज पट्ट्यात आमचं मंगल कार्यालय आहे. बाबांनी उभं केलं, आता मी बघतो. आजवर फेसबुकवरचे पाच-सहा फोटो आणि गूगल मॅपवरचा नंबर एवढ्यावर भागलं. यंदा वेबसाइट करायची ठरली. पुण्याचा एक डिझायनर गाठला, हात चांगला आहे त्याचा. कोटेशन ८५ हजार, जीएसटी वेगळा. त्यातले २२ हजार एकट्या इंट्रोचे. साइट उघडली की सागवानी दार उघडतं, तोरण हलतं, अक्षता पडतात, मागे सनई-चौघडा आणि १२ सेकंदांनी आमचं नाव. बाबांनी डेमो दोनदा बघितला, तिसऱ्यांदा आईला हाक मारून दाखवला.

मला तो नको आहे. संध्याकाळी सातनंतर बाबांना येणारे फोन ऐकत मी मोठा झालो. नमस्कार झाला की पहिला प्रश्न ठरलेला: अमुक तारीख रिकामी आहे का? मग भाडं, मग पार्किंग. फोनशेजारी लाल कापडी बांधणीची वही असते. तारीख पेन्सिलीने लिहिलेली असली तर नुसती विचारणा, शाईने असली तर बयाणा आला. मला ती वही साइटवर हवी आहे. कोटेशनमध्ये तिच्यापुढे 'दुसऱ्या टप्प्यात' असं लिहिलंय. तुमचं काय म्हणणं?

खिळेजुळारी
नकोच. २००६ साली आमच्या प्रेसच्या साइटवर फ्लॅशमधला (वेबपानावर हलती चित्रं दाखवणारं तेव्हाचं सॉफ्टवेअर) इंट्रो होता. शाईचा थेंब पडायचा, त्यातून अक्षरं फुटायची, चांगले २० सेकंद. खाली कोपऱ्यात 'स्किप इंट्रो'. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या साइटवर मी फक्त ते बटण वापरतो. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचं दुकान बंद केलं. आमच्या थेंबाच्या जागी राखाडी चौकोन उरला. पैसे मात्र मी हप्त्याने फेडले होते.

रंगपेटी
मी हेच काम करते, तेव्हा माझ्याकडे संशयाने बघा, चालेल. फ्लॅश गेलं म्हणून पडद्यावरची हालचाल गेली नाही. तेच दार आज एसव्हीजीमध्ये (रेषा-आकारांतून बनणारं हलकं चित्र) किंवा लॉटीमध्ये (ॲनिमेशन चालवणारं साधन, एअरबीएनबीने २०१७ मध्ये सगळ्यांना खुलं केलेलं) होतं. नीट केलं तर एका बऱ्यापैकी फोटोपेक्षा हलकं. मागे पान उतरत राहतं, आणि दुसऱ्यांदा आलेल्याला ते दाखवायचंच नाही अशी सोय करता येते.

आणि तारीख-भाडं हे आईवडील विचारतात. मुलगी पुण्यात, मुलगा बंगळुरात. ते दोघं रविवारी रात्री फोनवर दहा कार्यालयं बघतात. दहाही ठिकाणी तोच लाल गालिचा, त्याच सोनेरी खुर्च्या. त्यातलं एक लक्षात राहावं म्हणून २२ हजार जास्त झाले का? दाराशी रांगोळी आणि गुलाबपाणी कशाला ठेवता मग?

उंबरठा
रांगोळी दार अडवत नाही. बाजूने जाता येतं.

रंगपेटी
अंतरपाट अडवतो की. मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळे थांबतातच ना?

उंबरठा
थांबतात. पुढच्या चार रांगा. बाकीचे डायनिंग हॉलच्या दाराशी असतात आणि अक्षता तिथूनच फेकतात.

वायरमन
सनई वाजणारच नाही, हे कुणी सांगितलं का बाबांना? फोनवरचे ब्राउझर आवाज आपणहून सुरू होऊ देत नाहीत, बोट लागावं लागतं. क्रोमने २०१८ मध्ये संगणकावरही तसाच नियम आणला. डेमोत वाजली, कारण डिझायनरने स्वतः प्लेचं बटण दाबलं असणार.

गूगल म्हणतं, पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा. तुमचं नाव यायला १२. शिवाय काहींना अशा हालचालीने गरगरतं, म्हणून फोनमध्ये ती कमी करायची सेटिंग असते. तुमचा डिझायनर ती पाळतो का विचारा. आणि सनई कुणाची? बिस्मिल्ला खाँची रेकॉर्ड कुठून तरी उचलली असेल तर जपून. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो.

रंगपेटी
आवाजाचं मान्य. १२ सेकंद मीही देणार नाही, तीन देईन. पण तीन देईनच.

आजोळ
इंट्रोवर भांडताय आणि करार कुणी विचारलाच नाही. वाईजवळ आमचं होमस्टे आहे. डिझायनर गोड मुलगा, 'काकू, सगळं मी बघतो' म्हणाला आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. मीही म्हटलं, बरं झालं, कटकट नको. दोन वर्षांनी त्याने धंदा बदलला, नंबरही. नूतनीकरणाचे मेल त्याच्याकडे जात राहिले आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात साइट गायब. रस्त्यावरच्या पाटीवर, कार्डांवर, टॉवेलांवरसुद्धा तेच नाव छापलेलं! (टॉवेलांची कल्पना यजमानांची.) शेवटी नवं नाव घेतलं. जुने टॉवेल अजून वापरतोय.

तेव्हा डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशाने. दुसरं, पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं मला वाटायचं. पुतणी वकील आहे, तिने भ्रम काढला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा तोच असतो. हक्क तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता तारखांचं पान बाबांच्या फोनवर चाललं की मग.

खिळेजुळारी
तारखांच्या पानाला मात्र माझा विरोध. पेन्सिलवाली तारीख दाखवणार कशी? भरलेली दाखवली तर गिऱ्हाईक परत जाणार, रिकामी दाखवली तर दोघं एकाच दिवसावर भांडत येणार. आणि शेजारच्या कार्यालयाला घरबसल्या कळणार की तुमचा मार्गशीर्ष मोकळा आहे. वही कपाटातच बरी.

कृष्णाकाठ
खिळेजुळारी, हा मुद्दा बाबांनीही काढला, जवळजवळ याच शब्दांत. माझं म्हणणं, पेन्सिलवाल्या दिवसावर 'फोन करा' एवढंच लिहू. शेजारच्यांचं म्हणाल तर त्यांना आमच्या तारखा आजही आचाऱ्याकडून कळतात.

वायरमन यांचं वाचून काल डेमोची लिंक बाबांच्या फोनवर उघडली. वायफाय बंद करून, भटारखान्यात, जिथे रेंज जेमतेम येते. आधी पांढरा पडदा, मग दार अडखळत उघडलं. सनई मुकी. बाबांनी आवाज वाढवला, फोन कानाला लावला, मग माझ्याकडे असं बघितलं जणू मीच काढून टाकली.

डिझायनरशी बोललो. बिचारा अडला नाही. इंट्रो गेला, त्या २२ हजारांत थोडे घालून तारखांचं पान पहिल्याच टप्प्यात आलं. रंगपेटी, तुमच्यासाठी तोरण ठेवलंय, नावामागे हलेल, तीन सेकंदांहून कमी. सनईवर बाबा अडून आहेत. आमच्याकडे दर लग्नसराईत वाजवायला येतात त्यांचंच वादन रेकॉर्ड करून, लेखी परवानगी आणि बिदागी देऊन फोटोंच्या पानावर बटणाखाली ठेवू. डोमेन डिझायनर त्याच्याच नावावर घेणार होता, आजोळकाकू. विचारलं म्हणून कळलं.

रंगपेटी
हलणारं तोरण चालेल. पण एका पंगतीला किती पानं बसतात ते तुम्ही एवढं लिहूनही सांगितलं नाहीत. भाचीचं जमतंय, मुलाकडचे कोल्हापूरचे आहेत.

कृष्णाकाठ
२२०, टेबल-खुर्चीवर. तारीख कोणती?