मदत हवी आहे : पर्वतपट्ट्यांतील सोने आणि तांबे यांच्या खोलीविषयी

नमस्कार. लातूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी धातुकांच्या निर्मितीवर टिपण तयार करीत आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाने झाकलेला असल्याने उदाहरणासाठी रायचूर जिल्ह्यातील हट्टीची सोन्याची खाण घेतली आहे; तोही एकेकाळी निजामाच्याच राज्यातला मुलूख.

भूपट्टांच्या टकरीत खोल गाडले गेलेले खडक साधारण ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यांच्या खनिजांत बांधलेले पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक मोकळे होतात. त्या द्रवात सोने गंधकाशी जोडले जाऊन विरघळते, प्रस्तरभंगांतून (खडक सरकून पडलेल्या भेगांतून) वर चढते, आणि वाटेतील लोहयुक्त खडकाने गंधक ओढून घेऊन पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) तयार केले, किंवा भूकंपात भेग उघडून दाब एकाएकी उतरला, की क्वार्ट्झच्या शिरांत साचते. हट्टीचे यजमान खडक (ज्यांत सोन्याच्या शिरा आहेत ते) लोहसमृद्ध ॲम्फिबोलाइट, म्हणजे उष्णता-दाबाने रूपांतरित झालेले खडक, असल्याने तेथे पहिले कारण प्रबळ मानावे का?

खरी अडचण पुढे आहे. चिलीतील चुकिकामातासारखे पॉर्फिरी तांब्याचे साठे (शिलारस थिजून झालेल्या खडकांत व त्यांभोवती विखुरलेले तांबे) भूपृष्ठाखाली काही किलोमीटरांवरच तयार होतात, तर अशा सोन्याच्या शिरा बहुधा ५ ते १५ किलोमीटर खोलीवर. मग अतिप्राचीन पट्ट्यांत सोने भरपूर आणि पॉर्फिरी तांबे विरळ असण्याचे कारण केवळ झीज (उथळ साठे झिजून नाहीसे होणे) समजावे, की त्या काळी भूपट्टांची हालचालच निराळी होती? जाणकारांनी, शक्य असल्यास कर्नाटकातील अतिप्राचीन खडकांच्या धारवाड पट्ट्यातील दाखल्यांसह, मार्गदर्शन करावे ही विनंती.