घरच्या भजनात पेटी, तबला, खंजिरी जुळत नाही

प्रश्न: घरात पेटी, तबला, खंजिरी, टाळ आहे. बाबा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गातात, आई अन् पोरी काळी चारला. दरवेळी तबल्याचा सूर उतरवायचा का? पावसाळ्यात खंजिरीही बद्द वाजते.

उत्तर १: तबला काळी एकलाच ठेवा, दादा. काळी चारला सा धरला की काळी एक हा त्याचा शुद्ध मध्यम (म) होतो, त्यामुळे आईच्या भजनातही तबला चालतो. फक्त चालीत शुद्ध मध्यम नसेल तर तो खटकेल. तिथं हलक्या हातानं वाजवा.

सूर पेटीवरून घ्या, पेटी काही बदलत नाही. आधी गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून ढोबळ सूर आणा, मग गजरा (तोंडाच्या कडेची चामड्याची वेणी) ठोका. वरून ठोकला की सूर चढतो, खालून ठोकला की उतरतो. एक घर (गजऱ्यावरची दोन चामडी पट्ट्यांमधली जागा) ठोकलं की समोरचं घर ठोका. ओळीनं ठोकत गेलात तर पुडी (तबल्याचं कातडं) एका बाजूला ताणली जाते अन् प्रत्येक घर वेगळं बोलतं. शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) हातोडी लागू देऊ नका.

उत्तर २: खंजिरीचं कातडं दमट हवेत ओल धरून सैल पडतं. चुलीपासून हातभर लांब धरून फिरवत शेका. जवळ नेली तर कातडं तडकतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांत खंजिरीच लय धरते, म्हणून ती पक्क्या हाताकडे द्या.

उत्तर ३: लहान्याला टाळ द्या. केरवा ताल 8 मात्रांचा (ठोक्यांचा); 1 आणि 5 वरच टाळ. पोरं घाईत प्रत्येक मात्रेवर वाजवतात, तिथूनच लय पळते.