अनुभव धागा: मुलांना औषधाची ॲलर्जी आली तेव्हा

निशिगंध
लेकीच्या सहलीचा फॉर्म भरत होते. 'औषधाची ॲलर्जी असल्यास नाव लिहा' हा रकाना आला आणि हात तिथेच थांबला. आता ती दहा वर्षांची आहे, बॅग स्वतःची स्वतः भरते. पण त्या क्षणी मला ती दीड वर्षाची दिसायला लागली.

कान दुखत होता म्हणून ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्या गटातलं अँटिबायोटिक, चालू होतं. डोस संपत आले होते, ताप उतरला होता, स्वारी मजेत खेळत होती. सकाळी कपडे बदलायला घेतले तर पोटापाठीवर बारीक लाल पुरळ. दुपारपर्यंत मांड्यांवर आणि गालांवरही. ती हसत होती आणि मी रडत होते.

डॉक्टरांनी पुरळ नंतर पाहिलं, आधी तिचा श्वास पाहिला. ओठ, जीभ, डोळ्यांभोवती सूज आहे का? उलटी झाली का? पहिला डोस कधी दिला, शेवटचा किती वाजता? मग समजावलं की औषध पोटात गेल्यावर तासाभरात उठणाऱ्या गांधी वेगळ्या आणि काही दिवसांनी सावकाश पसरणारं असं पुरळ वेगळं. हे दुसरं बहुतेक वेळा धोक्याचं नसतं, पुष्कळदा मूळ आजाराच्या विषाणूमुळेच येतं. औषध थांबवलं, पुरळ ओसरलं. फाइलवर मात्र लाल अक्षरांत 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलं गेलं, ते आजतागायत आहे. त्यानंतर प्रत्येक आजारात दुसरंच अँटिबायोटिक मिळालं, आणि नव्या बाटलीतला पहिला डोस देताना दर वेळी माझी छाती धडधडली.

तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. काय दिसलं, काय केलंत, आणि नंतर औषध देताना हात कसा धजावला?

दोनपिल्लं
आमच्या धाकट्याला आयबुप्रोफेन. ताप होता म्हणून दिलं, अर्ध्या तासात दोन्ही डोळे सुजून फटी झाल्या. श्वास ठीक होता पण आरशात बघून तोच इतका घाबरला की समजूत घालताना माझी दमछाक. मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते, पुढचं नंतर.

मीठमिरची
निशिगंध ताई, पहिल्या डोसाच्या वेळची धडधड अगदी अगदी. मी तर नवीन औषध नेहमी सकाळीच सुरू करते, दवाखाना उघडा असतो तेव्हा. रात्री झोपवताना कधीच नाही.

रानवारा
आमचा प्रसंग मोठा होता. वाचताना कुणी घाबरू नका, मुलगा आज ठणठणीत आहे.

न्यूमोनियासाठी दाखल केलं होतं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं आणि पोरगं म्हणालं, "बाबा, घशात कसंतरी होतंय." मग खोकला, मग एक उलटी, मानेवर गांधी. मी नर्सबाईंना हाक मारेपर्यंत आवाज घोगरा झाला होता. त्यांनी औषध तिथेच बंद केलं, त्याला आडवं केलं, पाय उंच केले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत रंग परत आला. नंतर बरा दिसत होता तरी रात्रभर देखरेखीखाली ठेवला, कारण अशी लक्षणं ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उठू शकतात.

त्या नर्सबाईंचे आभार मी अजून मनातल्या मनात मानतो. घशात कसंतरी होतंय, असं मूल म्हणालं तर ते खरं धरा. माझ्या मुलाने जे सांगितलं ते अंगावर काही दिसायच्या आधी सांगितलं होतं.

मीठमिरची
बापरे. वाचूनच पोटात गोळा आला. रानवारा दादा, आता तो औषधं घ्यायला घाबरतो का?

रानवारा
सुरुवातीला फार. सलाईनची बाटली पाहिली तरी पाय गारठायचे. आता उलट झालंय, नवीन डॉक्टर दिसले की स्वतःच औषधाचं नाव सांगतो, तेही आडनावासकट असल्यासारखं, ठासून :)

चांदणवेल
मी बालरोग विभागात नर्स आहे, ड्यूटीवरून घरी जाताना लिहितेय. रानवारा दादांच्या मुलाला जे झालं त्यात पहिलं औषध ॲड्रेनलिनच. ॲलर्जीचं सिरप खाज आणि गांधी कमी करतं, पण सुजलेला घसा किंवा घसरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. तेव्हा श्वासाला त्रास, आवाज बदलणं, पुरळासोबत वारंवार उलट्या, मूल एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर सिरप देऊन वाट बघत बसू नका. तातडीची मदत बोलवा. मुलाला उभं करू नका, चालवू नका. आडवं ठेवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसतं ठेवा, उलट्या होत असतील तर कुशीवर. आईबाप घाबरून लेकराला खांद्यावर उभं धरून पळत येतात. माया समजते, पण रक्तदाब उतरलेला असताना उभं धरणं घातक ठरू शकतं.

धाकटीपाती
ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्लाच्या सिरपने आमच्या बाळाला जुलाब झाले. घरचे सगळे म्हणतात ॲलर्जी आहे, लिहून ठेव. ही ॲलर्जीच का?

चांदणवेल
नाही गं. क्लॅव्युलॅनिक आम्लाने जुलाब होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. डॉक्टरांना सांगायचं नक्की, पण नुसत्या जुलाबांसाठी ॲलर्जीच्या रकान्यात नाव घालू नकोस. एकदा लिहिलेलं काढणं जड जातं.

धाकटीपाती
हुश्श. सासूबाईंना वाचून दाखवते.

शिवाय अर्धं औषध तर तो थुंकतोच!! कसं पाजता तुम्ही?

पानगळ
सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. घशात पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो. आणि घरातल्या चमच्याने मोजू नकोस, प्रत्येक चमचा वेगळ्या मापाचा असतो.

मीठमिरची
सिरिंज ++. माझी लेक स्वतःच दट्ट्या दाबते, तिला वाटतं ती बाहुलीला देतेय आणि बाहुली म्हणजे ती.

दोनपिल्लं
आले. तर आयबुप्रोफेनचं पुढे. डॉक्टरांनी सांगितलं की एका वेदनाशामकाने सूज आली तर त्याच्या भाऊबंदांनीही येऊ शकते, म्हणजे मेफेनॅमिक आम्ल, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत अशा बहुतेक मुलांना चालतं, आम्ही ते पहिल्यांदा दवाखान्यात बसूनच दिलं. खरी कटकट जोड-औषधांची आहे. बाटलीवर ठळक नाव कंपनीचं, आणि आत पॅरासिटामॉलसोबत मेफेनॅमिक आम्लही. म्हणून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावली आणि आजी-आजोबांनाही लावली. आजोबा भिंग घेऊन वाचतात, त्यांच्या हातून काही सुटत नाही.

उनाडवाट
थोडं गंभीर लिहिते, पण कुणाच्या तरी उपयोगी पडावं. माझ्या भाचीला फिट येतात म्हणून लॅमोट्रिजिन सुरू केलं. काही आठवड्यांनी ताप आला, डोळे लाल, तोंडात फोड. सगळ्यांना आधी साधा विषाणूचा ताप वाटला. मग छातीवर दुखरे लालकाळे चट्टे उठले आणि कातडी सुटायला लागली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. फार क्वचित होतं, पण फिटच्या काही औषधांनी आणि सल्फाच्या औषधांनी होऊ शकतं. माझी बहीण तिला घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात गेली, औषध त्याच दिवशी बंद झालं. डोळ्यांचे डॉक्टर रोज येऊन बघायचे. आज दृष्टी नीट आहे, त्वचा भरून आली. पुरळाबरोबर ताप आणि तोंडात किंवा डोळ्यांत काही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. फिटचं औषध मात्र मनाने बंद करू नका, त्याच पावली डॉक्टर गाठा.

निशिगंध
उनाडवाट, डोळे भरून आले. तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग.

पानगळ
आमचा प्रकार लहान पण चमत्कारिक. मुलाच्या वरच्या ओठावर एक जांभळा डाग यायचा, मावळायचा, परत बरोब्बर त्याच जागी. आईच्या लक्षात आलं, ती सगळ्यांच्या आजारपणाची वही ठेवते. दर वेळी डागाच्या आदल्या दिवशी कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फाचं अँटिबायोटिक! त्वचेच्या डॉक्टरांनी वही बघून लगेच ओळखलं. काही औषधांची ॲलर्जी अशी एकाच जागी उमटते म्हणे. वहीत औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, किती वेळाने काय दिसलं एवढंच असतं. आता मी शेजारी फोटोही चिकटवते. दवाखान्यात पोचेपर्यंत पुरळ निम्मं गेलेलं असतं आणि 'लाल लाल होतं हो' एवढंच सांगता येतं.

कोवळंऊन
निशिगंध, तुझ्या लेकीचं वाचून राहवेना. ते लेबल तपासून घे! आमच्या मुलाचंही ॲमॉक्सिसिलिनचं असंच पुरळ होतं, शिक्का बसला होता. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं की साधारण 10 टक्के लोकांच्या नावापुढे पेनिसिलिन ॲलर्जी लिहिलेली असते, आणि नीट तपासल्यावर त्यांतल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांना ते औषध चालतं. खरी ॲलर्जी असलेल्यांतही बऱ्याच जणांची वर्षांनुवर्षांनी विरते. आधी फोटो आणि सगळी हकीकत बघितली, मग रुग्णालयात बसवून आधी थोडी मात्रा, मग उरलेली. शेजारी इंजेक्शन तयार. मी घामाघूम, चिरंजीव चित्रं रंगवत होते. काही झालं नाही. पुढे घशाच्या संसर्गाला साधं ॲमॉक्सिसिलिन दिलं तेव्हा केवढं हलकं वाटलं मला! घरी मात्र हा प्रयोग कुणीही करू नका.

रानवारा
सहमत. आमच्यासारखा जोरदार प्रकार झालेल्यांनी तर तज्ज्ञांशिवाय विचारही करू नये. आमच्याकडे आधी त्वचेची चाचणी झाली.

निशिगंध
कोवळंऊन, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सहलीच्या फॉर्मवर सध्या पेनिसिलिनच लिहिते, पण अपॉइंटमेंट घेते. तिला सर्दीसाठी ॲलर्जीची गोळी चालू आहे, त्याने काही बिघडतं का?

कोवळंऊन
हो, आधीच सांग त्यांना. ती गोळी चालू असली तर त्वचेच्या चाचणीत गांध उठतच नाही, म्हणून काही दिवस आधी बंद करायला सांगतात. कोणती गोळी त्यावर दिवस ठरतात, फोनवर विचारून घे. आणि त्या वेळचे फोटो असतील तर ने.

निशिगंध
जुन्या फोनमध्ये आहेत. चार्जर शोधते.