गुलाबी बगळा आणि ‘रॉमध्ये सगळं परत येतं’

कडकऊन: काल इथे एकाने छातीठोक लिहिलं, “रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढताय ना, मग एक्सपोजर बिनधास्त वर ठेवा, सगळं परत येतं.” सोबत नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातला बगळा. पाठ गुलाबी! मला आधी रोहितच (फ्लेमिंगो) वाटला. वर सल्ला, व्हाइट बॅलन्सचा टिंट (हिरवा-गुलाबी तोल) हिरव्याकडे ढकला. अहो, पाठ सुधारेल, पण मागचं पाणी शेवाळी होईल त्याचं काय? लाल, हिरवा, निळा, तिन्ही चॅनेल एकाच छताला, म्हणजे कॅमेरा नोंदवू शकतो त्या कमाल आकड्याला आपटलेत, १४ बिटांत १६३८३ धरा. मग उन्हासाठी सॉफ्टवेअर लाल साधारण दुप्पट करतं, निळा दीडपट, हिरवा तसाच. हिरवा मागे पडला की गुलाबी. तिथे रंग नोंदलेलाच नाही, दुरुस्त काय डोंबल करणार? क्लिप करा, म्हणजे छतावरचं सगळं छाटा, पांढरं होऊ द्या.

मळेवाला: तो ‘एक’ मीच. टिंटचं चुकलं, घ्या. पण उन्हात बहुतेक वेळा हिरवा आधी भरतो, लाल-निळ्यात जीव असतो. डार्कटेबल या रॉ सॉफ्टवेअरचं ‘इनपेंट ऑपोज्ड’ त्यावरूनच हिरव्याचा अंदाज बांधतं. मला पिसं दिसतात. चुना फासलेला बगळा तुम्हालाच लखलाभ.

कडकऊन: अंदाज म्हणजे फोटो नव्हे.

हळदीचा_हंगाम: बगळे निदान तक्रार करत नाहीत. माझ्याकडे नवरीची आत्या करते. पंचवटीत गच्चीवर हळद, मे महिना, दुपारचे बारा. गालावरची हळद लिंबासारखी पिवळीजर्द, हिरवट झाक. आता बोला.

मळेवाला: तिथे लाल वर आपटलाय, हिरवा अजून चढतोय, म्हणून लिंबू. पण बऱ्याचदा हे नंतरच्या गुणाकारात होतं. रॉमध्ये लाल शाबूत असतो. सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोजर खाली घ्या, केशरी परत येईल.

हळदीचा_हंगाम: खाली? घरच्यांनी आधीच बजावलंय, “दादा, जरा गोरी दिसू द्या.” मीच वर घेतलं होतं.

सावळीच_बरी: हेच! माझ्या अल्बममध्ये हात माझे आणि चेहरा पिठाचा. नथीचे मोती गालात विरघळलेत. सासूबाई पाहुण्यांना दाखवतात, आई अजून विचारते, “ही कोण गं?” पैसे मोजून घेतले आणि मला माझ्याच लग्नातून हाकललं.

हळदीचा_हंगाम: ताई, खरा रंग दिला की उरलेले पैसे अडकतात. दोनदा अडकलेत. तुम्ही देणार?

सावळीच_बरी: नवरीला विचारलंत का एकदा तरी? आत्या, मामा, बिल भरणारा, सगळ्यांना विचारता.

जुनारोल: निगेटिव्हवर असली थेरं नव्हती.

सावळीच_बरी: होती की. स्टुडिओत पावडरचा डबा असायचा.

कडकऊन: धागा बगळ्याचा होता. असो. मळेवाल्यांनी फाइल पाठवली, उघडली. मानेजवळ फक्त हिरवा भरलाय, तिथे यांची पिसं खरी. पाठीच्या मध्यावर तिन्ही मेलेत, तिथे पिसं नाहीत, भास आहे. आणि यांचा व्हाइट पॉइंट (छत कुठे आहे हे सॉफ्टवेअरला सांगणारा आकडा) कॅमेऱ्याच्या खऱ्या छतापेक्षा वर होता, म्हणून सॉफ्टवेअरला काही भरलंय हे कळतच नव्हतं. थोडा खाली आणला, गुलाबी गायब. मानेपुरते तुम्ही बरोबर.

मळेवाला: मानेपुरता का होईना, मान दिलात. व्हाइट पॉइंट बघतो.

हळदीचा_हंगाम: आणि माझा गाल?

मळेवाला: रॉ पाठवा.

हळदीचा_हंगाम: रॉ कुठून आणू? लग्नात जेपेगच काढतो, कॅमेऱ्याने आधीच शिजवलेलं.

कडकऊन: मग गेला गाल. आत्याला सांगा.