मदत हवी आहे: पाच महिन्यांच्या भाचीचा ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींची तपासणी), मिरज-सांगली

नमस्कार मंडळी, तासगावहून लिहितोय. बहिणीची मुलगी पाच महिन्यांची आहे. बहिणीच्या गरोदरपणात पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या जरा मोठ्या दिसल्या होत्या, 'नंतर बघू' म्हणाले, आणि ते राहूनच गेलं. जन्मानंतर एमआरआयमध्ये कळलं की कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूचे दोन्ही भाग जोडणारा पूल, तयारच झालेला नाही. डॉक्टर म्हणाले, दोष एवढाच असेल तर बरीच मुलं चांगली वाढतात; सोबत आणखी काही असेल तर फिट्स येतात, मान धरणं, बसणं लांबतं.

आता आठवडाभर झोपेतून उठली की मान खाली झुकते, दोन्ही हात झटक्यात पसरतात. क्षणभर थांबते, की पुन्हा. काल आठ-दहा वेळा झालं. आमची आई म्हणते दचकतीय, बाळगुटी द्या. मी व्हिडिओ काढून दाखवला, तर डॉक्टरांनी 'इन्फंटाइल स्पाझम'चा (तान्ह्या बाळांना येणाऱ्या फिट्सचा एक प्रकार) संशय घेऊन लगेच ईईजी सांगितलाय. औषधाला उशीर झाला तर वाढीवर परिणाम होतो म्हणे.

लहान बाळाचा झोपेतला ईईजी मिरजेत कुठं लवकर होईल? खर्च किती? जावळ अजून काढलेलं नाही, त्याची अडचण येते का? आणि सांगलीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (वाढीत अडचण असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) फिजिओथेरपीसाठी कुणी मूल नेलंय का? आमच्याकडं अंगणवाडीतल्या तपासणी पथकाची चिठ्ठी आहे, तेवढी चालेल?

गुटी-ताईत सुचवू नका, घरात पुरेसे सल्लागार आहेत.